नाकाचा गृहपाठ : विषाणूच्या आजारानंतर गेलेला वास परत मिळवण्याचा अभ्यास

डोळ्यांना दिसत नसेल तर त्या माणसाला आपण आंधळा म्हणतो, कानांना ऐकू येत नसेल तर बहिरा म्हणतो. पण ज्याला वास येत नाही त्याला काय म्हणायचे, यासाठी आपल्या रोजच्या बोलण्यात शब्दच नाही. शब्द नाही म्हणून त्या दुखण्याची कोणी दखलही घेत नाही. "ताप गेला ना? मग वासाचे काय एवढे!" असे म्हणून विषय संपतो. ज्याचा वास गेला आहे त्याच्यासाठी मात्र तो संपत नाही. सकाळचा चहा नुसता गरम गोड पाणी होतो, फोडणीचा फक्त आवाज ऐकू येतो, आणि दूध उतू जाऊन करपले तरी शेजारच्या खोलीत पत्ता लागत नाही.

कुवेतमध्ये कोविडचे पहिले रुग्ण २४ फेब्रुवारी २०२० रोजी सापडले. पुढे संचारबंदी आली, जलीब आणि महबूला हे भाग एप्रिल २०२० मध्ये बंद करण्यात आले, आणि आपल्यापैकी अनेकांनी ते दिवस घरात बसून काढले. त्या साथीने वास जाणे हे लक्षण घराघरांत माहीत करून दिले. परंतु हा प्रकार कोविडपुरता नाही. साध्या सर्दी-पडशाच्या आणि फ्लूच्या विषाणूंनीही पूर्वीपासून लोकांचा वास जात आला आहे आणि आजही जातो. म्हणून हा विषय जुना झाला असे समजण्याचे कारण नाही.

मी डॉक्टर नाही, संगणकाचे प्रोग्रॅम लिहिणारा इंजिनिअर आहे. २०२१ च्या उन्हाळ्यात माझ्या पत्नीचा वास गेला तेव्हा या विषयाचा अभ्यास करावा लागला. त्या अभ्यासातून जे पक्के हाती लागले ते मंडळाच्या वाचकांसाठी क्रमाने मांडतो. औषधोपचाराचा निर्णय अर्थातच आपल्या डॉक्टरांनी करायचा आहे.

१. वास येतो कसा?

नाकपुडीतून आत गेलेली बहुतेक हवा सरळ घशाकडे जाते. तिचा थोडा भाग वर, दोन डोळ्यांच्या मधल्या पातळीला असलेल्या एका अरुंद फटीत पोचतो. तेथे टपाल तिकिटाएवढ्या जागेत एक नाजूक अस्तर असते. त्याला घ्राणपटल म्हणू. त्यात वास ओळखणाऱ्या लाखो चेतापेशी असतात. त्यांचे धागे चाळणीसारखी भोके असलेल्या एका पातळ हाडातून वर जातात आणि मेंदूच्या तळाशी असलेल्या घ्राणकंदाला जोडले जातात.

या पेशींवर वासाचे रेणू पकडणाऱ्या जागा असतात. माणसात त्यांचे सुमारे ४०० प्रकार आहेत. लिंडा बक आणि रिचर्ड अ‍ॅक्सेल या शास्त्रज्ञांनी १९९१ मध्ये या जागा घडवणाऱ्या जनुकांचा शोध लावला आणि त्याबद्दल त्यांना २००४ चे नोबेल पारितोषिक मिळाले. ४०० प्रकारांवर हजारो वास कसे ओळखता येतात? आपली बाराखडी आठवा. अक्षरे मोजकी, पण त्यांच्या जुळणीतून शब्द अगणित होतात. तसेच येथे आहे. कॉफीच्या वासाने एका गटातील जागा जाग्या होतात, लवंगेने दुसऱ्या गटातील, आणि मेंदू ती जुळणी शब्दासारखी वाचतो.

दुसरी गोष्ट ध्यानात घ्यावी. जिभेला गोड, आंबट, खारट, कडू आणि मांसरस किंवा टोमॅटोत असतो तसा उमामी, एवढ्याच चवी कळतात. बाकी ज्याला आपण "चव" म्हणतो तो बहुतांशी घशाच्या मागून नाकात चढणारा वास असतो. खात्री करायची असेल तर नाक चिमटीत धरून बडीशेप चावून पाहा. किंचित गोडसर काहीतरी लागेल. नाक सोडले की क्षणात बडीशेप कळेल. म्हणूनच वास गेलेला माणूस डॉक्टरांना "माझी चव गेली" असे सांगतो.

तिसरी गोष्ट झोंबण्याची. मिरचीचा ठसका, कापलेल्या कांद्याची झोंब, बामचा थंडावा हे वास नव्हेत. ते चेहऱ्याच्या वेगळ्या नसेने कळतात. त्यामुळे वास पूर्ण गेलेल्यालाही बामचा डबा उघडताच काहीतरी "येते". वास आला की नाही हे तपासायला बाम किंवा कांदा वापरू नये, ते याचसाठी.

२. विषाणू नेमके काय बिघडवतो?

साध्या सर्दीत नाक चोंदते, हवा वरच्या फटीपर्यंत पोचत नाही आणि वास येत नाही. नाक मोकळे झाले की वास परत येतो. येथे दार बंद होते, एवढेच.

विषाणूमुळे घ्राणपटलाला इजा झाली तर नाक मोकळे असूनही वास येत नाही. कोविडच्या बाबतीत २०२० मध्ये असे दिसून आले की विषाणूला पेशीत शिरण्यासाठी लागणारी दारे मुख्यतः चेतापेशींच्या आजूबाजूच्या आधारपेशींवर असतात. पिकाला आधार देणारा मांडव कोसळला तर वेलही आडवा होतो, तसे होते. आधारपेशी लवकर सावरल्या तर दोन-तीन आठवड्यांत वास परततो. इजा खोल असेल तर चेतापेशी नव्याने तयार व्हाव्या लागतात.

आपल्या शरीराची एक मोठी कृपा अशी, की घ्राणपटलाच्या तळाशी असलेल्या मूळपेशी जन्मभर नव्या चेतापेशी घडवू शकतात. परंतु नवी पेशी तयार होणे हे अर्धेच काम आहे. तिचा धागा घ्राणकंदातल्या योग्य जागी जाऊन जोडला गेला पाहिजे आणि मेंदूने ती जोडणी पुन्हा वाचायला शिकले पाहिजे. याला महिने लागतात.

बरे होण्याचे प्रमाण काय? कोविडच्या रुग्णांवरील १८ अभ्यासांचा एकत्रित आढावा २०२२ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये प्रसिद्ध झाला. त्यातील अंदाजानुसार वास गेलेल्यांपैकी ३० दिवसांत सुमारे ७४ टक्के, ९० दिवसांत ९० टक्के आणि १८० दिवसांत सुमारे ९६ टक्के लोकांचा वास परत आला. म्हणजे बहुतेकांना काहीच करावे लागत नाही. पण शंभरातील जे चार-पाच मागे राहतात, आणि ज्यांचा वास अर्धामुर्धाच परततो, त्यांच्यासाठी पुढचा भाग आहे.

आपल्याला वास येतो की नाही हे माणसाला स्वतःला नीट सांगता येत नाही, हेही येथे नोंदवले पाहिजे. पुण्याच्या आयसर या संस्थेतील डॉ. निक्सन अब्राहम यांच्या गटाने बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयातील डॉक्टरांच्या सहकार्याने एका उपकरणाद्वारे ठरावीक तीव्रतेचे वास देऊन कोविडच्या रुग्णांची घ्राणशक्ती मोजली. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या या कामात असे दिसले की "मला वास नीट येतो" असे सांगणाऱ्या अनेकांची घ्राणशक्ती मोजल्यावर कमी भरली. बोध असा, की केवळ अंदाजावर विसंबू नये, मोजावे.

३. घ्राण-प्रशिक्षण म्हणजे काय?

जर्मनीतील ड्रेस्डेन विद्यापीठाचे प्रा. थॉमस हुमेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. वास गेलेल्या ५६ जणांपैकी ४० जणांनी बारा आठवडे रोज दोन वेळा चार वास हुंगले : गुलाब, निलगिरी, लिंबू आणि लवंग. उरलेल्या १६ जणांनी काही केले नाही. हुंगणाऱ्यांच्या गटात सुधारणा दिसली, दुसऱ्या गटात तशी दिसली नाही. हे चार वास चार वेगवेगळ्या घराण्यांचे म्हणून निवडले होते : फुलांचा, राळेसारखा, फळांचा आणि मसाल्याचा.

यावर कोणीही शंका घेईल की विषाणूच्या आजारानंतर वास आपोआपही येतो, मग श्रेय हुंगण्याचे कशावरून? ही शंका रास्त आहे. तिचे उत्तर २०१४ मध्ये जर्मनीतच मिळाले. बारा रुग्णालयांतील १४४ रुग्णांचे दोन गट केले. दोन्ही गट रोज हुंगत होते, पण एका गटाच्या बाटल्यांत वास तीव्र होता आणि दुसऱ्या गटाच्या बाटल्यांत अगदी पुसट. ज्यांचा वास जाऊन एक वर्ष झाले नव्हते अशांमध्ये तीव्र वास हुंगणाऱ्या २४ पैकी १५ जण सुधारले. पुसट वास हुंगणाऱ्या ३१ पैकी ६ जण सुधारले. म्हणजे काही जण आपोआप बरे होतातच, पण खऱ्या प्रशिक्षणाने बरे होणाऱ्यांची संख्या वाढते. यातून आणखी दोन गोष्टी कळतात. वास पुरेसा तीव्र हवा, आणि सुरुवात लवकर हवी.

पुढे २०१५ मध्ये तुर्कस्तानातील डॉक्टरांनी दाखवले की दर बारा आठवड्यांनी वासांचा संच बदलत छत्तीस आठवडे प्रशिक्षण चालवले तर लाभ अधिक होतो.

हे काम कसे करते? लहान मूल अक्षरे गिरवते तसेच हे आहे. एकच वास रोज, त्याच नावासह, लक्ष देऊन हुंगल्याने नव्या जोडण्यांना वळण लागते आणि मेंदू त्या पुन्हा वाचायला शिकतो, असे शास्त्रज्ञ मानतात. हात मोडून प्लास्टर काढल्यावर आपण फिजिओथेरपी करतोच. ही नाकाची फिजिओथेरपी समजावी.

४. साहित्य

(अ) रुंद तोंडाच्या, घट्ट झाकणाच्या चार लहान काचेच्या बाटल्या. तपकिरी मिळाल्या तर उत्तम, कारण उजेडाने तेलाचा वास लवकर उडतो. औषधाच्या रिकाम्या बाटल्या धुऊन, पूर्ण वाळवून चालतील.

(आ) प्रत्येक बाटलीत कापसाचा बोळा आणि त्यावर तेलाचे काही थेंब. निलगिरी आणि लवंगेचे तेल येथील भारतीय दुकानांत पाहावे. गुलाबाचे अत्तर सूक मुबारकियातील अत्तरवाल्यांकडे मिळेल. लिंबाचे तेल न मिळाल्यास लिंबाची ताजी साल किसून घ्यावी आणि रोज बदलावी.

(इ) तेले मिळाली नाहीत तर स्वयंपाकघर आहेच. ठेचलेली लवंग, सोललेली वेलची, ताजी कॉफी पूड, संत्र्याची साल चालेल. मात्र चार वास एकमेकांपासून स्पष्ट वेगळे असावेत. लवंग, दालचिनी, मिरी आणि जायफळ असा संच घेऊ नये. ही चौघेही मसाल्याच्याच घराण्यातली आहेत.

(ई) प्रत्येक बाटलीवर नाव आणि भरल्याची तारीख लिहावी. येथील उन्हाळ्यात बाटल्या खिडकीत किंवा गाडीत ठेवू नयेत. वास पुसट झाला आहे का, हे घरातील ज्याचे नाक चांगले आहे त्याने दर पंधरा दिवसांनी पाहावे आणि तेल बदलावे.

सावधगिरी : तेल नाकात घालू नये, त्वचेला लावू नये. निलगिरी व लवंगेचे तेल लहान मुलाच्या पोटात गेले तर ते विषारी ठरते. बाटल्या मुलांच्या हाती लागणार नाहीत अशा उंचीवर ठेवाव्यात. ज्यांना दमा आहे, किंवा बखूरच्या धुराने ज्यांची छाती भरून येते, त्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे.

५. कृती

सकाळी न्याहारीपूर्वी आणि रात्री झोपण्यापूर्वी, अशा दोन वेळा ठरवाव्यात. दूरदर्शन बंद, फोन दुसऱ्या खोलीत.

पहिली बाटली उघडावी, नाव वाचावे. बाटली नाकापासून बोटभर अंतरावर धरून दहा ते वीस सेकंद हलके हलके हुंगावे. ससा नाक हलवतो तसे लहान लहान श्वास घ्यावेत. जोरात खेचलेला श्वास सरळ घशाकडे जातो.

हुंगताना त्या वासाची आठवण काढावी. लवंग म्हटले की मसालेभात, विडा, दाढदुखीत आजीने दाताखाली धरायला दिलेली लवंग. काहीच येत नसले तरी आठवण काढावी. हा या अभ्यासाचा भाग आहे.

मग झाकण लावून अर्धा मिनिट थांबावे आणि पुढची बाटली घ्यावी. चार बाटल्यांना चार-पाच मिनिटे पुरतात.

निदान बारा आठवडे एकही दिवस न चुकवता हे करावे. सुधारणा अपुरी असेल तर संच बदलून आणखी बारा आठवडे, आणि गरज पडल्यास पुन्हा बारा. दुसऱ्या संचासाठी आपल्याकडे सामग्रीची वाण नाही : मोगरा, पुदिना, संत्रे, ओवा. तिसऱ्यासाठी केवडा, कढीपत्ता, आले, वेलची.

६. नोंदवही

कोणत्याही यंत्रणेत सुधारणा झाली की नाही हे सांगायचे तर आधीची स्थिती लिहिलेली हवी. आमच्या व्यवसायातला हा पहिला धडा येथेही लागू पडतो. शाळेची एक वही घ्यावी. चार वासांचे चार स्तंभ करावेत. दर रविवारी प्रत्येक वासाला ० ते १० गुण द्यावेत : ० म्हणजे काहीच नाही, ५ म्हणजे काहीतरी येते पण ओळखता येत नाही, १० म्हणजे पूर्वीसारखा. शेजारी एक वाक्य लिहावे.

महिन्यातून एकदा परीक्षा घ्यावी. डोळे मिटून बसावे आणि घरातील दुसऱ्याने क्रम बदलून बाटल्या धराव्यात. अधूनमधून कोरा कापूस असलेली पाचवी बाटलीही धरावी. नाव वाचून हुंगताना मन स्वतःची समजूत घालते, ते येथे चालत नाही.

आमच्या घरच्या वहीत पहिले सात आठवडे शून्याशिवाय काही नव्हते. आठव्या आठवड्यात लिंबाला १ मिळाला, तोही दोन सेकंदांपुरता. लवंगेला दहावा आठवडा उजाडला. गुलाबाला सहा महिने लागले आणि तो आजही ७ च्या वर गेलेला नाही. वही नसती तर सातव्या आठवड्यातच "काही उपयोग नाही" म्हणून बाटल्या कचऱ्यात गेल्या असत्या. प्रगती दिवसाच्या हिशेबात दिसत नाही, महिन्याच्या हिशेबात दिसते.

७. वास परत येतो, पण भलताच

पुष्कळांना दोन-तीन महिन्यांनी एक विचित्र अनुभव येतो. वास येऊ लागतो, पण कॉफीला जळक्या रबराचा, कांदा-लसणाच्या फोडणीला गटाराचा, अंड्याला कुजल्याचा. घरात मसाला भाजला तर त्यांना तेथे थांबवत नाही. घरच्यांना हे नखरे वाटतात. ते नखरे नव्हेत.

बाराखडीचाच दाखला घेऊ. काही अक्षरे परत आली आहेत, काना-मात्रा अजून यायच्या आहेत. शब्द अर्धवट छापला जातो आणि मेंदू तो चुकीचा वाचतो. इंग्लंडमधील रीडिंग विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२२ मध्ये दाखवले की कॉफीतील गंधक असलेली काही मोजकी संयुगे या किळसवाण्या वासाला मुख्यतः जबाबदार असतात. ही संयुगे अत्यल्प प्रमाणातही नाकाला कळतात. भाजणे, परतणे, तळणे यांतून अशी द्रव्ये तयार होतात, आणि कांदा, लसूण, अंडी यांत गंधकाची संयुगे मुळातच असतात. त्यामुळे याच पदार्थांचा त्रास अधिक होतो.

पेशींची दुरुस्ती चालू असताना हा टप्पा येतो, म्हणून धीर सोडू नये. जेवण मात्र त्याप्रमाणे बदलावे. गरम पदार्थाचा वास अधिक उठतो, म्हणून कोमट किंवा गार खावे. दहीभात, काकडी, फळे, उकडलेला बटाटा, साधे वरण, पनीर सहसा चालून जाते. फोडणीचे काम तो माणूस घरात नसताना उरकावे, पंखा चालू ठेवावा. प्रशिक्षणाच्या चार वासांपैकी एखादा असह्य झाला तर तो तेवढा बदलावा, बाकीचे चालू ठेवावेत.

८. तोवर घर आणि नोकरी सांभाळणे

नाक हे घरातील फुकटचे पहारेकरी आहे. ते रजेवर असताना दुसरी व्यवस्था हवी.

गॅस : स्वयंपाकाच्या गॅसला स्वतःचा वास जवळजवळ नसतो. गळती कळावी म्हणून त्यात मर्कॅप्टन नावाचे उग्र वासाचे द्रव्य मिसळतात. वास न येणाऱ्याला ही सूचना मिळत नाही. सिलिंडर असलेल्या घरात गॅस ओळखणारे यंत्र बसवावे. हा गॅस हवेपेक्षा जड असून जमिनीलगत साठतो, म्हणून यंत्र जमिनीजवळ लावायचे असते. रात्री सिलिंडरचा कॉक बंद करण्याचा नियम करावा. नळाचा गॅस असेल तर यंत्र कोठे लावायचे ते इमारतीच्या हारिसकडून गॅसचा प्रकार समजून घेऊन ठरवावे.

धूर : १२ जून २०२४ रोजी मंगफमधील कामगारांच्या इमारतीला पहाटे लागलेल्या आगीत सुमारे पन्नास माणसे दगावली. त्यांतील बहुतेक भारतीय होते. झोपेत धुराच्या वासाने जाग येईल असा भरवसा चांगल्या नाकाच्या माणसानेही धरू नये. धुराचा भोंगा प्रत्येक फ्लॅटमध्ये असावा. ज्या घरात कोणाला वास येत नाही तेथे तर तो नसणे परवडणारच नाही.

अन्न : येथे उन्हाळ्यात पारा पन्नाशीला टेकतो. जमईयातून घरी येईपर्यंत गाडीत राहिलेले दूध किंवा मासळी केव्हा बिघडेल सांगता येत नाही. फ्रिजमधील प्रत्येक डब्यावर तारीख लिहावी आणि शंका आली तर दुसऱ्याला हुंगायला द्यावे. चाखून पाहू नये.

तेलक्षेत्र : आपल्यापैकी बरेच जण तेल आणि वायूच्या प्रकल्पांवर काम करतात. तेथील हायड्रोजन सल्फाइड हा वायू कमी प्रमाणात कुजक्या अंड्यासारखा येतो, पण प्रमाण वाढले की चांगले नाकही काही मिनिटांत बधिर होते आणि वास नाहीसा झाल्यासारखा वाटतो. म्हणून तेथे नाकावर विसंबायचेच नसते, अंगावरच्या मापकावर विसंबायचे असते. वास गेलेल्याने ही गोष्ट प्रकल्पावरील डॉक्टरांना व सुरक्षा अधिकाऱ्यांना सांगावी. नोकरीच्या धास्तीने हे लपवण्याचा मोह होतो, पण येथे प्रश्न स्वतःच्या आणि शेजारी काम करणाऱ्याच्या जिवाचा आहे.

प्रकृती : जेवण बेचव लागते म्हणून मीठ, साखर आणि लोणचे यांवर हात मोकळा सुटतो. रक्तदाब व मधुमेह असणाऱ्यांनी हे विशेष जपावे. चव आणायची तर लिंबू, ताक, कुरकुरीतपणा आणि रंग यांनी आणावी. काहींची भूक मरून वजन उतरते. तेही डॉक्टरांच्या कानावर घालावे.

९. पैसा कोठे खर्चावा, कोठे नाही

घ्राण-प्रशिक्षणाचे साहित्य थोडक्या दिनारांत होते. त्याच चार तेलांचे आकर्षक खोके अनेक पटींनी महाग विकले जातात. त्यात अधिक काही नसते. वाचलेले पैसे गॅसच्या यंत्रात आणि धुराच्या भोंग्यात घालावेत.

स्टेरॉइडच्या गोळ्या स्वतःच्या मनाने किंवा गावाकडच्या कोणाच्या जुन्या चिठ्ठीवर घेऊ नयेत. त्यांनी रक्तातील साखर व रक्तदाब वाढू शकतो. नाकात घालायच्या जस्तयुक्त औषधांपासून तर दूरच राहावे. अशा काही औषधांनी उलट वास जातो, म्हणून अमेरिकेच्या औषध नियंत्रण प्रशासनाने २००९ मध्ये लोकांना ती न वापरण्याचा इशारा दिला होता. मोहरीचे तेल, कापूर किंवा ओव्याचा अर्क नाकात सोडण्याचे घरगुती उपायही टाळावेत. दुखावलेल्या अस्तराला त्याने आणखी इजा होईल.

१०. डॉक्टरांकडे केव्हा जावे?

ताप-सर्दी जाऊन दोन-तीन आठवडे झाले, नाक मोकळे आहे, तरी वास नाही, तर आपल्या भागातील सरकारी दवाखान्यात किंवा खाजगी कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे जावे. धुळीची अ‍ॅलर्जी, सायनसची सूज आणि नाकातील कोंब यांनीही वास जातो. येथील धुळीच्या वादळांत हे प्रकार सर्रास आढळतात. त्यांचे उपचार वेगळे आहेत आणि ते केल्याशिवाय नुसत्या हुंगण्याने काम होणार नाही. तपासणी होईपर्यंत प्रशिक्षण थांबवण्याचे मात्र कारण नाही.

पुढील बाबतीत वाट पाहू नये : एकाच नाकपुडीचा वास जाणे, नाकातून वारंवार रक्त येणे, डोक्याला मार लागल्यानंतर वास जाणे, वासाबरोबर दृष्टीत फरक किंवा तीव्र डोकेदुखी. तसेच सर्दी-ताप काहीच नसताना वयस्कर माणसाचा वास हळूहळू कमी होत असेल, तर तेही डॉक्टरांना सांगावे. कंपवातासारख्या काही आजारांत हे लक्षण अनेक वर्षे आधी दिसू शकते. सुट्टीवर गावी गेल्यावर आई-वडिलांना याविषयी एक प्रश्न जरूर विचारावा. ते आपण होऊन सांगत नाहीत.

११. घरच्यांसाठी दोन शब्द

वास गेलेला माणूस आजारी दिसत नाही. तो कामावर जातो, डबा खातो, हसतो. पण आपल्या तान्ह्या बाळाच्या टाळूचा वास न येणारी आई, आपल्या अंगाला घामाचा वास येतो का या शंकेने दिवसातून तीनदा आंघोळ करणारा नोकरदार, आपण केलेली भाजी कशी झाली हे कळत नसताना रोज चार माणसांचा स्वयंपाक करणारी गृहिणी, यांचे मन हळूहळू खचत जाते. परदेशात तर अधिकच, कारण गाव आपल्याजवळ बरेचसे वासानेच राहिलेले असते. मायेने काढलेला गोडा मसाला सामानातून येतो आणि डबा उघडल्यावर काहीच येत नाही, हे दुःख त्याचे त्यालाच ठाऊक.

त्यांना "सकारात्मक राहा" असे सांगण्यापेक्षा त्यांच्याबरोबर बसून रोजची चार बाटल्यांची पाच मिनिटे पाळावीत. मुलांकडे नोंदवहीचे काम द्यावे, ती ते आवडीने करतात. मिठाचे प्रमाण चाखून सांगावे. उदासी वाढत चालली, झोप आणि भूक उडाली, तर त्याचाही उपचार डॉक्टरांकडे आहे. तो घेण्यात कमीपणा नाही.

प्रशिक्षणाने प्रत्येकाचा वास पूर्ण परत येईलच असे वचन कोणी देऊ शकत नाही. एवढे मात्र खरे, की हा उपाय स्वस्त आहे, योग्य काळजी घेतली तर निर्धोक आहे, आणि जितक्या लवकर सुरू करावा तितका त्याचा लाभ अधिक. आपल्या इमारतीत, कंपनीत किंवा मंडळाच्या कार्यक्रमात "त्या आजारानंतर जेवणाला चवच राहिली नाही" असे कोणी बोलताना आढळले, तर हा अंक त्यांच्या हाती द्यावा आणि पहिली बाटली भरायला मदत करावी.